पहिली गाडी घेताना आधी विमा विचारा

आपल्या जिल्ह्यात दुचाकी ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, वाशी, भूम आणि परंडा या आठही तालुक्यांत अशी गावे आहेत, जिथे संध्याकाळची शेवटची एसटी गेली की माणूस सकाळपर्यंत अडकला. पोराला कामावर पोहोचायचे असो, पोरीला कॉलेज गाठायचे असो, आईला दवाखान्यात न्यायचे असो, की अॅट्रॉसिटीच्या प्रकरणात रात्री-अपरात्री पोलीस ठाण्यात धावायचे असो, गाडी लागतेच. नीती आयोगाच्या २०१८ च्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले चार जिल्हे आहेत, त्यात आपला एक. अशा जिल्ह्यातल्या भूमिहीन घरात जेव्हा पहिली मोटारसायकल येते, तेव्हा ती त्या घरासाठी मोठीच घटना असते.

आम्ही या जिल्ह्यात काम करणारे काही कार्यकर्ते आहोत. जयंतीच्या आधी महिनाभर गावोगाव फिरणे होते, बैठका होतात, आणि बैठक संपली की पोरे एक प्रश्न हमखास विचारतात. "दादा, पहिलीच गाडी घ्यायची हाय, कोणती घेऊ?" मग मायलेज विचारतात, पिकअप विचारतात, डाऊन पेमेंट आणि हप्ता विचारतात. विमा किती पडेल हे कोणीही विचारत नाही. आणि विचारले तर उत्तर ठरलेले असते, "कशाला लागतोय इन्शुरन्स? पोलिसानं धरलं तर बघू."

मित्रांनो, आमचे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. आपल्या घरातली पहिली गाडी निवडताना सगळ्यात आधी हे बघा, की तिचा विमा तुम्ही सहाव्या वर्षीही स्वतःच्या कमाईतून भरू शकाल का. तो भरता येईल तीच गाडी आपल्याला परवडते. बाकी सगळे नंतर.

गाडी आणि आपला इतिहास

वाहनाचा प्रश्न आपल्यासाठी कधीच फक्त सोयीचा नव्हता. १९२९ साली बाबासाहेब चाळीसगावला उतरले, तेव्हा त्यांना वस्तीवर नेण्यास टांगेवाल्यांनी नकार दिला, कारण प्रवासी महार होता. आपल्या लोकांना वाटले, बाबासाहेबांनी पायी चालणे हा आपल्या पाहुण्याचा अपमान आहे. तडजोड अशी निघाली की टांगा भाड्याने मिळेल, पण हाकणारा आपलाच माणूस शोधावा लागेल. त्या बिचाऱ्याला टांगा हाकण्याचा सराव नव्हता. वाटेत पुलावर टांगा उलटला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. दोष टांगेवाल्यांच्या जातीय वृत्तीचाच होता, यात शंका नाही. परंतु त्यातून आपल्यासाठीही एक धडा निघतो. सन्मानासाठी वाहन मिळवले, पण ते चालवण्याची तयारी नसली, तर पाय आपलाच मोडतो.

आपल्याच जिल्ह्यात कसबे तडवळे येथे फेब्रुवारी १९४१ मध्ये महार-मांग वतनदार परिषद भरली, तेव्हा बाबासाहेबांना बैलगाडीतून मिरवत नेल्याचे जुनी माणसे अजून अभिमानाने सांगतात. त्या बैलगाडीपासून आजच्या मोटारसायकलपर्यंत आपण आलो, ते शिक्षणामुळे, संघर्षामुळे आणि संविधानामुळे. म्हणून आमच्या पोराच्या बुडाखाली गाडी आली की आम्हाला आनंदच होतो. पण आजच्या काळात गाडीची तयारी म्हणजे लायसन, नावावर असलेले आरसी बुक आणि चालू असलेला विमा. गाडीवर निळा झेंडा आणि 'जय भीम'चे स्टिकर लावले म्हणजे तयारी झाली असे नाही.

लिंबू-मिरचीवर आम्ही वेगळे काय लिहावे? बाबासाहेबांच्या अनुयायाने ती बांधू नयेच. पण लिंबू-मिरची काढून टाकली आणि विमाही घेतला नाही, तर आपण अंधश्रद्धेतून बाहेर पडून बेफिकिरीत शिरलो, एवढेच होईल.

तिसरा माणूस कोण आहे?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ नुसार रस्त्यावर चालणाऱ्या प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. नसेल तर कलम १९६ प्रमाणे पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दंड ४,००० रुपये. पोरांना एवढेच माहीत असते. परंतु हा विमा पोलिसासाठी नाही, तो 'तिसऱ्या माणसासाठी' आहे. पहिला तुम्ही, दुसरी विमा कंपनी, आणि तिसरा तो, ज्याला तुमच्या गाडीची धडक बसेल.

आपल्या जिल्ह्यात हा तिसरा माणूस कोण असतो, याचा कधी विचार केलाय का? रस्त्याच्या कडेने खुरपणीहून परतणाऱ्या बाया. सायकलवर निघालेला गवंडी. कारखान्याच्या वाटेवरचा ऊसतोड मजूर. सोलापूर-धुळे महामार्ग तुळजापूर आणि धाराशिववरून जातो, पुणे-हैदराबाद महामार्ग नळदुर्ग आणि उमरग्यावरून. या रस्त्यांच्या कडेने पायी चालणारा माणूस बहुतेक वेळा आपल्यासारखाच कष्टकरी असतो.

आमच्या ओळखीतली एक गोष्ट सांगतो, गावाचे नाव लिहीत नाही. एका मजुराच्या पोराच्या गाडीने संध्याकाळी एका शेतमजूर बाईला उडवले. बाईच्या मांडीचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. गाडीचा विमा संपलेला होता. गुन्हा नोंदवू नये म्हणून दोन्ही घरांची बैठक बसली, आणि त्या बैठकीत आम्हीही होतो. इकडचे घर म्हणत होते आमच्याकडे काही नाही, तिकडचे म्हणत होते आम्ही कसे जगायचे. दोघेही खरे बोलत होते. शेवटी पोराच्या आईची दोन शेळ्या आणि कानातले विकून जे आले ते दिले. त्यात दवाखान्याचे अर्धे बिलही भागले नाही. बाई पुढे रोजंदारीवर जाऊ शकली नाही. त्या गाडीचा विमा चालू असता, तर त्या बाईला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करता आला असता, आणि न्यायाधिकरणाने ठरवलेली भरपाई विमा कंपनीला द्यावी लागली असती. आपण ज्याला बंधुता म्हणतो, ती वर्षाला काहीशे रुपये भरून अशीही पाळता येते.

आता हिशेब

थर्ड पार्टी विम्याचा दर कंपनी ठरवत नाही. तो केंद्र सरकार अधिसूचना काढून ठरवते, आणि सगळ्या कंपन्यांना सारखाच असतो. म्हणून "माझ्याकडे थर्ड पार्टी स्वस्त आहे" असे कोणी एजंट म्हणाला तर त्याला नीट विचारा. १ जून २०२२ पासून लागू झालेले वर्षाचे दर, १८ टक्के जीएसटी सोडून, असे आहेत. ७५ सीसीपर्यंत ५३८ रुपये. ७५ च्या पुढे १५० सीसीपर्यंत ७१४ रुपये. १५० च्या पुढे ३५० सीसीपर्यंत १,३६६ रुपये. ३५० सीसीच्या पुढे २,८०४ रुपये. इलेक्ट्रिक गाडीचा दर किलोवॅटवर ठरतो: ३ किलोवॅटपर्यंत ४५७ आणि ३ ते ७ किलोवॅटला ६०७ रुपये. सरकार हे दर बदलू शकते, म्हणून घेण्याच्या दिवशी एकदा खात्री करा.

नवीन दुचाकीला मात्र थर्ड पार्टी विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशानंतर, १ सप्टेंबर २०१८ पासून हा नियम आला. त्याचा एकरकमी दर ७५ ते १५० सीसीला ३,८५१ रुपये आणि १५० ते ३५० सीसीला ७,३६५ रुपये आहे. जीएसटी धरून अनुक्रमे सुमारे ४,५४४ आणि ८,६९१ रुपये.

या आकड्यांत १५० सीसीची रेघ महत्त्वाची आहे. स्प्लेंडर, एचएफ डिलक्स, प्लॅटिना, शाइन, टीव्हीएस स्पोर्ट, पोरींच्या पसंतीची अॅक्टिव्हा, आणि १४९.५ सीसीची पल्सर १५० सुद्धा, या सगळ्या एकाच गटात, ७१४ रुपयांत बसतात. पण १५९.७ सीसीची अपाचे १६० घेतली, की दहा सीसीसाठी तुम्ही बुलेट ३५० च्या गटात गेलात. थर्ड पार्टी विमा जवळजवळ दुप्पट. पहिल्या दिवशी सुमारे चार हजार रुपये जास्त, आणि सहाव्या वर्षापासून दरवर्षी जीएसटीसह ८४३ च्या जागी १,६१२ रुपये. ८४३ म्हणजे महिन्याला सत्तर रुपये. सत्तर रुपये महिना बाजूला टाकणे आपल्या घराला जमते. म्हणून पहिल्या गाडीसाठी आम्ही १५० सीसीच्या आतलीच गाडी सुचवतो.

शोरूममध्ये न सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी

एक. "पाच वर्षांचा इन्शुरन्स आहे" असे शोरूममध्ये सांगतात, ते पुष्कळदा अर्धेच असते. पाच वर्षे असतात ती थर्ड पार्टीला. तुमच्या स्वतःच्या गाडीचे नुकसान किंवा चोरी यांचा भाग सहसा एकाच वर्षाचा असतो. दुसऱ्या वर्षी तो भाग चालू ठेवला नाही आणि गाडी चोरीला गेली, तर एक रुपयाही मिळत नाही, आणि फायनान्सचा हप्ता मात्र चालूच राहतो. हप्ते फिटेपर्यंत हा भाग सोडू नका.

दोन. या स्वतःच्या नुकसानीच्या भागाचे दर कंपनीगणिक वेगळे असतात. शोरूमनेच दिलेला विमा घेतला पाहिजे अशी सक्ती कायद्यात नाही. दोन-तीन ठिकाणी विचारा. या भागात दावा न करता वर्ष गेले की पुढच्या वर्षी २० टक्के सूट मिळते, ती वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाते. ही सूट गाडीची नसून मालकाची असते, त्यामुळे पुढच्या गाडीलाही ती वापरता येते.

तीन. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा. याचे पैसे वेगळे लागतात म्हणून पोरे तो टाळायला बघतात. घरात कमावणारा एकच असेल तर हा टाळू नये. पण चालवणाऱ्याकडे वैध लायसन नसेल तर याचा उपयोग नाही. म्हणजे लायसन आधी, गाडी नंतर. दहावी-बारावीतल्या, अठरा पूर्ण न झालेल्या पोराच्या हातात मोटारसायकल देणाऱ्या पालकाला किंवा मालकाला कायद्यात २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे, हेही लक्षात ठेवा.

चार. मागे बसणाऱ्याचे काय? फक्त थर्ड पार्टी विमा असलेल्या दुचाकीवर मागे बसलेला माणूस त्या विम्यात येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली तिलक सिंग प्रकरणात दिला आहे. आपले कार्यकर्ते दिवसभर डबलसीट फिरतात. बायको, आई, बहीण मागेच बसते. म्हणून विमा घेताना "मागच्या सीटचा अपघात विमा आहे का" हे स्पष्ट विचारा. शिवाय बँक खाते असलेल्या १८ ते ७० वयाच्या प्रत्येकाने वर्षाला २० रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना घ्यावी. अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात. सरकार कोणाचेही असो, आपल्या हक्काची योजना सोडू नये.

बाँडवरची सेकंड हँड गाडी

आपल्या पोरांची पहिली गाडी बहुतेक वेळा जुनीच असते. उचल आली, सोयाबीनच्या हंगामात मजुरी हातात पडली, की पंचवीस-तीस हजारांत गाडी घेतली जाते. जुनी गाडी घेण्यात काहीच कमीपणा नाही. अडचण आहे ती शंभर-पाचशेच्या बाँडवर सही करून गाडी वर्षानुवर्षे दुसऱ्याच्याच नावावर चालवण्याची.

अशा गाडीने अपघात झाला तर कायदा आरसी बुकवरच्या नावाला मालक धरतो. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. त्यात गाडी चार हातांतून गेली होती, तरीही जबाबदारी नोंदणीतल्या मालकावरच आली. म्हणजे आपल्या एखाद्या बांधवाने गाडी विकली, नाव बदलले नाही, तर तिसऱ्या मालकाने केलेल्या अपघाताची नोटीस याच्या दारात येणार. आणि घेणाऱ्याची गाडी चोरीला गेली तर विमा दुसऱ्याच्या नावावर, दावा करायचा कोणी?

म्हणून जुनी गाडी घेताना तीन गोष्टी बघा. विम्याची शेवटची तारीख कोणती. गाडीवर फायनान्सचा बोजा आहे का. आणि मालक नाव बदलण्याच्या कागदांवर सही द्यायला तयार आहे का. हे सरकारच्या परिवहन अॅपवर गाडीच्या नंबरवरून बऱ्यापैकी कळते. घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीकडेही नावबदलाचा अर्ज करा. एमएच २५ च्या कार्यालयात एक खेप पडेल, एक दिवसाची मजुरी बुडेल, पण पुढची दहा वर्षे निवांत जातील.

"मग आम्ही बुलेट चालवायचीच नाही का?"

हा प्रश्न आम्हाला बैठकीत विचारला जातो, आणि तो रास्त आहे. गावात त्यांची पोरे बुलेटवर फिरणार आणि आमच्या पोरांनी प्लॅटिनावर समाधान मानायचे, हे कोणत्या समतेत बसते? आमचे उत्तर सरळ आहे. कोणी कोणती गाडी चालवायची हे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही, आम्हालाही नाही. साधे राहा, पायरी ओळखून राहा, असा उपदेश आपल्या पिढ्यांनी पुष्कळ ऐकला, आम्ही तो करणार नाही. कमावते व्हा आणि बुलेट घ्या, सहाशे सीसीची घ्या. पण पहिली गाडी, तीही हप्त्यावर, घरात एकच कमावता, आणि सहाव्या वर्षी विमा भरायला हात आखडणार असेल, तर ती गाडी स्वाभिमान वाढवत नाही. नाक्यावर पोलिसाने अडवले की साहेब-साहेब करत, मध्यस्थाला फोन लावत उभे राहावे लागते, तिथे स्वाभिमान संपतो. आपल्या पोराला आडनाव विचारून जास्त वेळ उभे केले जाते, हा अनुभव आम्हाला नवा नाही. त्याला उत्तर एकच. लायसन, आरसी, विमा आणि पीयूसी मोबाईलमधल्या डिजीलॉकरमध्ये तयार ठेवायचे; ते कायद्याने ग्राह्य आहेत. कागद पूर्ण असले की हात जोडावे लागत नाहीत.

दुसरा आक्षेप असा, की विमा म्हणजे कंपन्यांची लूट. कंपन्या नफा कमावतात हे खरेच. पण बाबासाहेबांची यावरची भूमिका काय होती हे आपल्या किती तरुणांनी वाचले आहे? १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने घटना समितीसाठी त्यांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केले. विमा व्यवसाय ही राज्याची मक्तेदारी असावी, आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मजुरीच्या प्रमाणात आयुर्विमा घेणे राज्याने सक्तीचे करावे, अशी मागणी त्यात आहे. विम्यातून सामान्य माणसाला सुरक्षितता मिळते आणि राज्याला विकासासाठी पैसा मिळतो, हा त्यामागचा अर्थशास्त्री विचार. आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण १९५६ साली, त्यांच्या हयातीतच झाले. सामान्य विम्याचे १९७२ च्या कायद्याने झाले, आणि १९९९ च्या कायद्याने ते क्षेत्र पुन्हा खाजगी कंपन्यांना खुले झाले. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवते आणि तो सगळ्यांना सारखा असतो, हा त्या विचाराच्या जवळ जाणारा आज उरलेला एक छोटा तुकडा आहे. लूट वाटत असेल तर विमा सरकारी असावा, गरिबाला स्वस्त असावा म्हणून लढूया. पण विमाच नको म्हणणे हे बाबासाहेबांच्या विचाराच्या विरुद्ध दिशेला जाणे आहे.

करायचे काय?

चौदा एप्रिलला आपण मोटारसायकल रॅली काढतो. एका तालुक्यात आम्ही रॅलीच्या आठ दिवस आधी सगळ्यांना गाडीचे कागद घेऊन बोलावले. विमा चालू असलेल्या गाड्या बाजूला काढणे सोपे गेले, कारण त्याच कमी होत्या. त्या दिवशी कोणालाही हिणवले नाही. दोन शिकलेल्या पोरींनी मोबाईलवरून एकेकाचा विमा तिथेच काढून दिला, ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांना जयंतीच्या वर्गणीतून उसने दिले, आणि मजुरी मिळाल्यावर बहुतेकांनी ते परत केले.

हेच प्रत्येक वस्तीत होऊ शकते. विहारात किंवा अभ्यासिकेत एक साधी वही ठेवा. तीत वस्तीतल्या प्रत्येक गाडीचा नंबर, आरसीवरचे नाव आणि विमा संपण्याची तारीख लिहा. महिन्यातून एकदा ती वही उघडा आणि ज्याची तारीख जवळ आली त्याच्या घरी जा. नवीन गाडी घेणाऱ्याला शोरूममध्ये एकटे पाठवू नका, कागद वाचता येणारा एक जण बरोबर द्या. यंदाच्या जयंतीच्या पहिल्या बैठकीत डीजेचा विषय निघण्याआधी या वहीचा विषय घ्या.

जय भीम!